डुकराच्या डोक्यावरचा आकडा

मे महिन्यातला पहिला रविवार, संध्याकाळचे सात. लेव्हल चोपन्न. न लावलेले पॉइंट एकशे पंधरा. हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि आमची मुलगी स्नेहल. स्नेहल त्या दुपारी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसून आली होती आणि अंघोळ करून, ओल्या केसांनी, टॅब मांडीवर घेऊन बसली होती. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली.

आकड्यांनी सुरुवात केली, कारण मला दुसऱ्या कशानं सुरुवात करता येत नाही. सोलापूरच्या मार्केट यार्डाजवळ एका भुईकाट्यावर मी गाड्यांची वजनं घेतो. भरलेली गाडी लोखंडी पाट्यावर चढते, तिचं वजन लिहायचं. माल उतरवून तीच गाडी परत येते, तिचं रिकामं वजन लिहायचं. पहिल्यातून दुसरं गेलं की उरतं ते निव्वळ. सव्वीस वर्षं मी ही एकच वजाबाकी करतो आहे. माणसं गाडीकडे बघतात, तिची उंची बघतात, वर बांधलेली ताडपत्री बघतात. मी निव्वळ बघतो. निदान माझी तशी समजूत होती.

यंदाही तो रविवार आला. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक शाळा आहे, तिथं दरवर्षी या परीक्षेचं केंद्र असतं. दुपारी एकपासून फाटकाशी रांग. मुलांच्या पायांत साध्या चपला, अर्ध्या बाह्यांचे शर्ट, हातात लेबल काढलेली पाण्याची बाटली. मुलींच्या कानांत काही नाही. आत जाताना प्रत्येक मूल एकदा मागे वळून बघतं आणि बाहेरचा बाप उगाच हात वर करतो. मग फाटक बंद होतं आणि तीन तासांहून जास्त वेळ बाप आणि आया कडुलिंबाच्या सावलीबरोबर सरकत राहतात. ऊन चाळीसच्या वर असतं. डांबर चपलेला चिकटतं.

मी दूध आणायला निघालो होतो. एका माणसानं विचारलं, "पाणी मिळंल का हितं कुटं?"

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. तो तिसरा दिवस होता, टाकीत निम्मं होतं. तरी मी घरून कळशी आणली. माणूस मोडनिंबचा होता. पाणी पिऊन त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"दुसरी खेप हाय पोरीची. मागल्या टायमाला थोडक्यात गेलं."

"थोडक्यात म्हणजे किती?" मी विचारलं.

त्यानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला माहीत आहे. मला स्वतःला कुणी विचारला तेव्हा आवडला नव्हता.

"तुमचं बी कोन हाय का आत?"

"नाही," मी म्हणालो. "आता नाही."

कळशी घेऊन परत आलो. दूध आणायचं राहिलंच. पंख्याखाली बसलो तर पंखा गरम हवाच खाली ढकलत होता, आणि दोन वर्षांपूर्वीचा तो टॅब, त्यातलं ते हिरवं गवत आणि गवतात उभं असलेलं ते डुक्कर, सगळं समोर आलं. वाईट वाटलं असं म्हणता येत नाही. सुन्न झालेल्या पायावर हात ठेवल्यावर जसं वाटतं, पाय आहे हे कळतं पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

स्नेहलचा पहिला निकाल लागला तेव्हाची गोष्ट. तिनं दुसऱ्यांदा बसायचं ठरलं. कुणी ठरवलं, हे मला आठवत नाही. घरात कुणीच नको म्हणालं नाही, म्हणजे ठरलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं आपणहून टॅब माझ्या हातात आणून दिला.

"वर्षभर तुमच्याकडेच ठेवा बाबा. फक्त एक काम करा."

"काय?"

"पंधरा दिवस कुणी आलं नाही तर खेळातल्या टोळीतून नाव काढतात. तेवढी हजेरी लावा."

"काढू देत की. परीक्षा मोठी का खेळ मोठा?"

"तीन वर्षं झालीत मला त्या टोळीत," ती म्हणाली. एवढंच. तिनं हट्ट केला असता तर मी नाही म्हटलं असतं. तिनं केला नाही.

"लावतो हजेरी," मी म्हणालो.

खेळ ऑनलाइन होता. एक मोठा मुलूख, त्यात डोंगर, नदी, किल्ले, गावं, आणि देशोदेशीची खरी माणसं आपापली पात्रं घेऊन फिरत असतात. स्नेहलचं पात्र म्हणजे धनुष्यबाण घेतलेली एक बाई, नाव शेवंती. कामं करायची, शत्रू मारायचे, त्याचा अनुभव साठतो. अनुभव पुरेसा साठला की लेव्हल एकनं वाढते. प्रत्येक लेव्हलला पाच पॉइंट हातात येतात. ते पॉइंट ताकदीला लावायचे, चपळाईला, नजरेला, दमाला नाहीतर नशिबाला, ज्याचं त्यानं ठरवायचं. माझ्याकडे आली तेव्हा शेवंती एकतीस लेव्हलवर होती आणि तिचे तोपर्यंतचे सगळे पॉइंट स्नेहलनं लावलेले होते.

मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर चाळीस मिनिटं बसायचो. सुनंदा म्हणायची, "पोरीला वरडून वरडून बंद करायला लावलं, आणि आता स्वतः बसतोय माणूस."

आठव्या की नवव्या दिवशी चुकून माइकचं बटण दाबलं गेलं आणि टॅबमधून आवाज आला.

"काय बे शेवंती, कुटं मेलतीस आठ दिवस? तिकडं घाटात आमचा पार चिवडा झाला की!"

मी घसा साफ केला. "नमस्कार. मी स्नेहलचे वडील बोलतो."

मग तोच आवाज, एकदम मवाळ होऊन, म्हणाला, "नमस्कार काका. चहा झाला का?"

मागून एक मुलगी हसत सुटली होती.

बोलणारे रफिकभाई, टोळीचे म्होरके. टेंभुर्णीहून टेम्पो चालवायचे आणि भाडं मिळेपर्यंत नाक्यावर उभ्या गाडीत खेळायचे. हसणारी लावण्या, स्नेहलची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या घरी टॉवेलचे माग आहेत. ती बोलायची तेव्हा मागे खटखट चालू असायची आणि मधेच ती आईला तेलुगूत काहीतरी उत्तर द्यायची. टोळीत आणखी माणसं होती, पण मला बोलणारी हीच दोघं.

रफिकभाई म्हणाले, कांदा घेऊन ते बऱ्याचदा यार्डात येतात. मी विचारलं, गाडी कोणती? ते म्हणाले, निळी, मागं मोर काढलाय, एक डोळा पुसलेला.

"अठराशे साठ," मी म्हणालो.

"काय अठराशे साठ?"

"तुमच्या टेम्पोचं रिकामं वजन. डिझेल भरलेलं असलं तर अठराशे नव्वद."

"या अल्ला," रफिकभाई म्हणाले. "काका, माझ्या बायकोला माझं नाव सोडून कायबी म्हाईत न्हाय, आणि तुमाला माझ्या गाडीचं वजन पाठ हाय."

तेव्हापासून टोळीतली माणसं मी असलो की तोंड सांभाळून बोलायची. शिवी ओठावर आली की लावण्या नुसतं "अंकल आहेत" म्हणायची आणि ती शिवी कुणीतरी गिळल्याचं ऐकू यायचं.

मी लढलो मात्र नाही. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की ती जशी घेतली तशी परत करायची, हा आमच्या घरचा नियम आहे. शेजाऱ्याची शिडी आणली तर पुसून द्यायची. शेवंतीला ओरखडाही येऊ नये, म्हणून मी बिनलढाईची कामं घ्यायचो. कोठारातून किल्ल्यावर धान्याची पोती पोचव. औषधाच्या पाल्याच्या वीस जुड्या गोळा कर. नदीपलीकडच्या गावात चिठ्ठी दे. या कामांचा अनुभव थोडा मिळायचा, पण रोज मिळायचा. टोळी मोठ्या लढाईला गेली की मी मागं उभा राहायचो आणि त्यातला वाटाही शेवंतीच्या नावे पडायचा. लेव्हल वाढत गेली. बत्तीस, तेहेतीस, चौतीस. दर वेळी पाच पॉइंट यायचे आणि कोपऱ्यातल्या गोल चकतीत जाऊन बसायचे. मी त्यांना हात लावला नाही. ते तिचे होते.

गावाच्या वेशीबाहेर गवतात एक रानडुक्कर असायचं. शत्रूंमधला सगळ्यात क्षुल्लक. प्रत्येक शत्रूच्या डोक्यावर त्याच्या लेव्हलचा आकडा तरंगतो. पहिल्या आठवड्यात डुकराच्या डोक्यावर एकतीस होता. महिन्यानं बघतो तर चौतीस.

"रफिकभाई, हे डुक्कर पण पोती वाहतं का?"

"न्हाय काका. तुमी वाढला की ते वाढतंय. हितं सगळं तसंच हाय. लांडगा, दरोडेखोर, भुतं, सगळी तुमच्याबरोबर मोठी होत्यात. तुमी पन्नासला जावा, डुक्कर पन्नासला तयार."

"मग वाढून फायदा काय?"

"आता हे इचारलासा व्हय काका," रफिकभाई म्हणाले आणि नुसते हसले. नाक्यावर त्यांच्यामागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

मी वही घातली होती. ती अजून आहे, निळ्या पुठ्ठ्याची. लेव्हल एकतीस, डुक्कर एकतीस, मारायला लागलेले बाण तीन. हा आकडा मी स्नेहलला विचारून लिहिला होता. पुढचे माझे. डुक्कर अंगावर आलं म्हणून नाइलाजानं मारावं लागलं तेव्हा लिहिलेले. लेव्हल छत्तीस, बाण चार. लेव्हल बेचाळीस, बाण सहा. लेव्हल सत्तेचाळीस, बाण नऊ, आणि त्यात शेवंती अर्धमेली. त्यानंतर मी डुकराला लांबून वळसा घालून जायला लागलो. आणि शेवटच्या पानावर एक वेगळा रकाना: नदी ओलांडायला नावाडी किती घेतो. एकतीसला तीन नाणी. बेचाळीसला तीन. पन्नासला तीन. त्या मुलुखात लोहारसुद्धा आपली लेव्हल बघून जास्त मागायचा, पण नावाडी कुणाच्या डोक्यावरचा आकडा बघत नव्हता.

लावण्यानं मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. "अंकल, डुक्कर फक्त लेव्हल बघतो. तुम्ही पॉइंट लावलेत का नुसते ठेवलेत, ते तो बघत नाही. लावून टाका ना."

"तिचे आहेत ते."

"मग तिला विचारून लावा."

"ती अभ्यास करते आहे."

रफिकभाईंनी दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं. "काका, कांदा चाळीत भरून ठिवला तर दिसाय चाळ भरलेली दिसतीय. पन काट्यावर आनल्यावर वजन भरतंय का? तुमाला काय सांगायचं, तुमी तर काट्यावरच बसताव."

मी म्हटलं, कांदा वेगळा, पॉइंट वेगळे. पॉइंट सुकत नाहीत.

एकतीसला तीन बाण, सत्तेचाळीसला नऊ. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात एका पानावर होते. सव्वीस वर्षं वजाबाकी करणाऱ्या माणसानं ती एवढी वजाबाकी केली नाही. साठलेला आकडा वाढताना बघायला मला बरं वाटत होतं. पंचेचाळीस, साठ, ऐंशी. घरात त्या वर्षी दुसरं काही वाढताना दिसत नव्हतं.

स्नेहल आतल्या खोलीत असायची. दाराखालून उजेडाची रेघ. सकाळी क्लास, दुपारी खोली, संध्याकाळी सराव परीक्षा. जेवताना ती डाव्या हातानं मांडीवर सूत्रं लिहायची, बोटानं, शाईशिवाय. त्या वर्षी आम्ही तिचं सगळं राखून ठेवलं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली, ती गेली नाही. पुढच्या वर्षी आहेच. नातेपुत्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं, आम्ही दोघंच जाऊन आलो. लावण्याचा साखरपुडा झाला. लावण्या स्वतः दारात येऊन उभी राहिली होती. "अंकल, दोन तास फक्त. मी सोडते परत." मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे बेटा, मग काय, मोकळीच आहे ती." स्नेहल आत ऐकत होती. दाराखालच्या रेघेवर पावलांची सावली होती. ती बाहेर आली नाही आणि मीही हाक मारली नाही.

लावण्यानं त्या संध्याकाळी खेळात मला काही म्हटलं नाही. फक्त माग बंद होते, खटखट नव्हती, त्यामुळे तिचं गप्प राहणं जास्त ऐकू आलं.

तीनशे एकोणीस दिवस. त्यातले खाडे तीन: दोन दिवस नातेपुत्याचे, एक दिवस इंटरनेट गेलं म्हणून. लेव्हल एकतीसवरून चोपन्न. तेवीस लेव्हल, पाच पॉइंट प्रत्येकी, एकशे पंधरा. टोळीत नाव कायम. हे सगळं मी त्या रविवारी संध्याकाळी टॅबबरोबर तिच्या हातात दिलं. माझ्या मनात, खरं सांगतो, थोडा अभिमान होता. दुसऱ्याची शिडी पुसून परत देताना असतो तेवढा.

तिनं चोपन्न आकडा बघितला आणि म्हणाली, "बाप रे, बाबा!" त्या वर्षातलं तिचं सगळ्यात मोकळं वाक्य. पेपर कसा गेला, हे आम्ही विचारलं नव्हतं. ती शेवंतीला घेऊन वेशीबाहेर पळतच गेली. डुक्कर उभं होतं. चोपन्न.

तिनं बाण मारला. डुकरानं मान हलवली. दुसरा, तिसरा. एरवी तिसऱ्याला ते पडायचं, त्यामुळे तिसऱ्यानंतर तिनं बोट उचललं होतं. डुक्कर अंगावर आलं. एक धडक, शेवंती लांब फेकली गेली. स्नेहल सावरून बसली. चौथा, पाचवा, मग मी मोजत गेलो, अकरा. डुकराची लाल पट्टी निम्मीसुद्धा उतरली नव्हती. दुसरी धडक. तिसऱ्या धडकेला पडदा राखाडी झाला आणि शेवंती गवतात आडवी पडली.

स्नेहलनं कोपऱ्यातली गोल चकती दाबली.

"एकशे पंधरा," ती म्हणाली. "एकपण नाही लावला?"

"तुझे होते."

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. केसांतलं पाणी टॅबवर पडत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"मग मी कधी लावणार होते, बाबा?"

आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "या आता जेवायला, आमटी निवतीय." आम्ही जेवलो. शेंगाची चटणी होती, तिला आवडते म्हणून सुनंदानं ताजी कुटली होती. स्नेहलनं दोन भाकरी खाल्ल्या, तेही मी मोजलं. टॅब तिनं कव्हरात घालून कपाटात ठेवला.

जूनमध्ये निकाल लागला. पाणी यायचा दिवस होता. पहाटे साडेपाचला मोटार लावली, टाकी भरली, पिंप भरलं, बादल्या भरल्या, आणि मग आम्ही तिघं बसून निकाल बघितला. आदल्या वर्षीपेक्षा तिचे बेचाळीस मार्क वाढले होते. प्रवेशाची रेघ त्याहून वर गेली होती. आदल्या वर्षी ती रेघेपासून जेवढी खाली होती, त्यापेक्षा या वर्षी सहा मार्कांनी जास्त खाली होती. मी हे कागदावर मांडलं, कारण मला मांडल्याशिवाय कळत नाही. गाडी जड झाली होती आणि निव्वळ घटलं होतं.

कुणी रडलं नाही. सुनंदा म्हणाली, "पिंपावर झाकण ठेवलं का?" मी उठून ठेवलं.

तिसऱ्या वर्षाचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता. निकालाच्या आधीच मी क्लासमध्ये जाऊन आणला होता. निकालानंतर तिथला माणूस फोनवर म्हणाला, बेचाळीस वाढलेत म्हणजे मुलगी चढती आहे, एक वर्ष अजून द्या. हे मी घरात बोललो नव्हतो. पण फॉर्म घरात आहे, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. ड्रॉवर उघडला की स्नेहल दुसरीकडे बघायची. तीन आठवडे असे गेले. ती सकाळी उठायची, अंघोळ करायची, पुस्तकं असलेल्या खोलीत जाऊन बसायची. दाराखाली उजेडाची रेघ नसायची. मी कामावर जायचो. गाड्या चढायच्या, उतरायच्या. एका गाडीचं रिकामं वजन मी भरलेल्याच्या रकान्यात लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवसांत मला सरकारी कार्यालयाच्या तीन मजली जिन्यावर दम लागला. पंचविशीत तोच जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत चढायचो. पायऱ्या तेवढ्याच आहेत, पण मी पन्नाशीत आलो तशा त्याही पन्नाशीत आल्यासारख्या वाटतात. कठड्याला धरून उभा असताना मनात आलं, माझ्या आयुष्यातले किती पॉइंट मी चकतीत नुसते बसवून ठेवले असतील? पोहायला शिकायचं होतं. हंपी बघायची होती, एवढी जवळ असून. सुनंदाला एकदा विमानातून न्यायचं होतं. आकडा मोठा येईल, म्हणून मी तो मांडला नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी रफिकभाईंचा मेसेज आला. शेवंतीचा पंधरावा दिवस कधीच उलटून गेला होता. त्यांनी नियम वाकवून नाव ठेवलं होतं, पण टोळीतली बाकीची माणसं कुरकुरत होती. "काका, स्नेहलताईला इचारा, नाव ठिवू का काडू? तुमी म्हनला तर अजून ठिवतो." मी फोन स्नेहलकडे नेला. तिनं वाचलं आणि टाइप केलं, "काढा रफिकभाई. आमची काही तक्रार नाही."

तीनशे एकोणीस दिवस जपलेलं नाव दोन मिनिटांत गेलं. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मात्र वाटलं.

मग ती म्हणाली, "बाबा, तुमचा फोन द्या."

माझ्या फोनवर तिनं तोच खेळ उतरवून घेतला आणि माझ्यासाठी नवीन पात्र केलं. स्वतःसाठीही एक नवीन केलं, टॅबवर. दोघंही लेव्हल एक.

"शेवंती कुठंय?" मी विचारलं.

"आहे तिथंच. तिला बरोबर घेतलं तर सगळी डुकरं चोपन्नची होतात. जो मोठा, त्याच्यावर ठरतं. मग तुम्ही एका धडकेत जाल."

"तिचे पॉइंट आता लाव की."

"एकदम एकशे पंधरा?" ती म्हणाली. "कशाला काय लागतं, ते येता येताच कळतं बाबा. एकदम बसून नाही लावता येत."

आम्ही वेशीबाहेर आलो. डुक्कर होतं, डोक्यावर एक. तिनं एक बाण मारला, मी दोन चुकवले, तिसरा लागला. डुक्कर पडलं. थोड्या वेळानं दोघांची लेव्हल दोन झाली आणि पाच पॉइंट आले.

"लावा," ती म्हणाली.

"आत्ताच?"

"आत्ताच."

मी विचार केला आणि ताकद, चपळाई, नजर, दम, नशीब, पाचांना एकेक दिला.

ती माझ्या फोनकडे वाकून बघत होती. "हे काय, प्रसाद वाटताय का?" ती म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी. सुनंदा चहाचे कप घेऊन दारात थांबली आणि तशीच उभी राहिली, हसणं संपेपर्यंत.

पुढच्या डुकराच्या डोक्यावर दोन होता. आम्ही तेही मारलं. लांडगा मारला. एकदा मी मेलो आणि ती माझ्यासाठी थांबली. लेव्हल चारला आम्ही नदीवर पोचलो. तिथवर मी कुठलाही पॉइंट शिल्लक ठेवला नव्हता, आणि माझा हात दर वेळी बटणावर अडखळत होता, हेही लिहून ठेवतो.

यंदाच्या रविवारी, परीक्षा सुटली तेव्हा, मी परत त्या शाळेकडे गेलो. मोडनिंबचा माणूस फाटकाशी होता. त्याची मुलगी बाहेर आली, चपला हातात घेऊन, डांबरावरून अनवाणी. त्यानं तिला काही विचारलं नाही. ती म्हणाली, "आप्पा, भूक लागलीया." तो म्हणाला, "चल." मला बघून त्यानं मान हलवली. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. बाण किती लागतात ते मोज, लेव्हल मोजू नको, असं काहीतरी. पण हे रस्त्यावर कसं सांगणार? मी म्हणालो, "एसटी स्टँडला या डाव्या रस्त्यानं जा, सावली आहे." स्नेहल आता पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी फोन करते. या रविवारी केला तेव्हा तिनं विचारलं, "आज तिकडे परीक्षा असेल ना?" मी म्हणालो, हो, होती. मग तिनं विचारलं, पाणी आलं का? फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे, कोरा.

त्या जुलैच्या सकाळी नदीवर नाव लागलेली होती. आमची दोन लहान पात्रं, नव्या कपड्यांतली, काठावर उभी होती. नावाडी नेहमीसारखा म्हणाला, "माणशी तीन नाणी." प्रत्यक्षात आम्ही बापलेक पलंगाच्या एकाच कडेवर बसलेलो होतो, खांद्याला खांदा लागत होता, आणि दोघंही आपापल्या पडद्याकडे बघत होतो.

"बाबा," ती म्हणाली, "मी तिसऱ्यांदा बसणार नाही."

पडद्यावर पाणी हलत होतं. ड्रॉवर माझ्या उजव्या हाताला होता.

"बरं," मी म्हणालो.

"चिडलात?"

मी शोधून बघितलं. राग नव्हता. दुःखही हाताला लागलं नाही. "नाही," मी म्हणालो. "चल, नाव लागलीय."

दोघांचे मिळून सहा होतात, म्हणून मी सहा नाणी मोजून नावाड्यापुढे केली. त्यानं तीन घेतली आणि तीन परत केली. मला वाटलं, माझं काही चुकलं. मी पुन्हा तीन पुढे केली. त्यानं पुन्हा परत केली.

"माझी मी दिली, बाबा," स्नेहल म्हणाली. ती आधीच नावेत बसली होती.

नावाड्याला शेवटी सहा नाणी पोचली. तीन माझी, तीन तिची.